एनबीए ट्रेड डेडलाइन: अटकळी, अफवा आणि नियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जानेवारी उजाडला की एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर सामन्यांपेक्षा ट्रेडचीच, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचीच, चर्चा जास्त रंगते. कोण कुठे जाणार, कोणाच्या बदल्यात कोण येणार, अमुक पत्रकार काय म्हणाला, तमुक खेळाडूने इन्स्टाग्रामवरून संघाचं नाव का काढलं. खालचे प्रश्न अशाच चर्चांमधून पुन्हा पुन्हा समोर आलेले आहेत. आपल्याला कोण हवा, हे सगळेच विचारतात. समोरचा संघ तो खेळाडू का देईल आणि नियम तो देऊ देतील का, एवढं जरी विचारलं तरी निम्म्या अफवा तिथेच गळून पडतात. उत्तरं देताना मी हेच धरून चाललो आहे.

डेडलाइन नेमकी कधी असते? भारतात तेव्हा किती वाजलेले असतात?

ट्रेड करायची मोसमातली ही शेवटची मुदत म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळाप्रमाणे दुपारी ३. भारतात तेव्हा शुक्रवार सुरू होऊन रात्रीचा दीड वाजलेला असतो. २०२४ मध्ये ही तारीख ८ फेब्रुवारी होती, २०२५ मध्ये ६ फेब्रुवारी.

पूर्वी डेडलाइन ऑल-स्टार सामन्यानंतर, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या मधल्या सुट्टीतल्या सामन्यानंतर, यायची. २०१८ पासून ती ऑल-स्टारच्या आधी आणली. त्याआधी, २०१७ मध्ये, डीमार्कस कझिन्सला ऑल-स्टार सामना संपता संपता आपला ट्रेड झाल्याचं कळलं होतं, तेही पत्रकारांच्या गराड्यात. असे प्रसंग टळावेत आणि नव्या संघात गेलेल्या खेळाडूला सुट्टीत बस्तान बसवायला थोडा वेळ मिळावा, यासाठी ही नवी वेळ बरी आहे.

दीड वाजेपर्यंत जागायचं का? मोठ्या बातम्या बहुतेक वेळा आदल्या चार-पाच दिवसांतच फुटतात. शेवटच्या तासात होतात ते राखीव खेळाडूंचे आणि दुसऱ्या फेरीतल्या पिकांचे (नवे खेळाडू निवडण्याच्या हक्कांचे) छोटे व्यवहार. तरीही जागणारे जागतातच, आणि त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो.

एखादा ट्रेड होऊ शकतो की नाही, हे आपण घरबसल्या कसं ताडायचं?

आधी पगार बघा, खेळाडूचा खेळ मागाहून. एनबीएमध्ये खेळाडू खेळाडूच्या बदल्यात जातो, आणि त्यांचे पगार ठरावीक प्रमाणात जुळावे लागतात. २०२५-२६ च्या हंगामात संघाच्या एकूण पगाराची मर्यादा १५.४६ कोटी डॉलर आहे. जवळजवळ सगळेच संघ ती ओलांडून बसलेले असतात, म्हणून कोणालाही कोणी फुकटात घेऊ शकत नाही. त्याच्या वर लक्झरी टॅक्सची (जास्त पगारावर भरायच्या दंडवजा कराची) रेषा १८.७९ कोटींवर, त्याच्या वर पहिला अॅप्रन १९.५९ कोटींवर आणि सगळ्यात वर दुसरा अॅप्रन २०.७८ कोटींवर. अॅप्रन म्हणजे ओलांडल्यावर व्यवहारांवर जास्त कडक बंधनं आणणाऱ्या रेषा.

या दोन अॅप्रननीच लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारापासून सगळा खेळ बदलून टाकला. पहिल्या अॅप्रनच्या खाली असलेला संघ पाठवतो त्याहून काहीसा जास्त पगार परत घेऊ शकतो. पहिला अॅप्रन ओलांडलेल्या संघाला पाठवलेल्या पगारापेक्षा एक डॉलरही जास्त घेता येत नाही. आणि दुसरा ओलांडलेल्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणताच येत नाही. शिवाय असा संघ व्यवहारात रोख रक्कम देऊ शकत नाही, आणि सात वर्षांनंतरचं त्याचं पहिल्या फेरीचं पिक गोठवलं जातं.

नुसते नियम वाचून हे डोक्यात शिरत नाही, म्हणून जानेवारी २०२५ ची हकीकत सांगतो. जिमी बटलरला मायामी सोडायचं होतं आणि फिनिक्सला जायची त्याची इच्छा आहे असं सगळीकडे छापून येत होतं. चाहत्यांनी ट्रेडचे शेकडो आराखडे मांडले. आता गणित बघा. बटलरचा पगार सुमारे ४.८८ कोटी. फिनिक्स दुसऱ्या अॅप्रनच्या वर, म्हणजे पगारांची बेरीज करायला बंदी. त्यामुळे बदल्यात जाणारा एकच खेळाडू हवा आणि त्याचा पगार बटलरएवढा किंवा जास्त हवा. असे फिनिक्सकडे तिघेच होते: केविन ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील. पहिल्या दोघांच्या जोडीलाच फिनिक्सला बटलर हवा होता. उरला बील, पगार सुमारे ५.०२ कोटी. पण बीलच्या करारात ट्रेडला नकार देण्याचा हक्क लिहिलेला होता. म्हणजे संपूर्ण व्यवहाराची किल्ली ना मायामीकडे, ना फिनिक्सकडे. ती बीलच्या खिशात. शिवाय मायामीला बील नको होता, म्हणून त्याला सामावून घेणारा तिसरा संघ शोधणं आलं. ज्यांनी हे दहा मिनिटं बसून मांडलं, त्यांना हा ट्रेड होणं किती अवघड आहे ते जानेवारीच्या मध्यालाच दिसलं होतं. अखेर बटलर पाच संघांच्या व्यवहारातून गोल्डन स्टेटला गेला आणि मायामीला अँड्र्यू विगिन्स मिळाला.

मग ट्रेड मशीन वापरलं की झालं?

ट्रेड मशीन म्हणजे ट्रेडचा आराखडा तपासणारी इंटरनेटवरची साधनं. ती पगार जुळतात का एवढंच सांगतात, आणि तेवढ्यासाठी ती उत्तम आहेत. हिरवी खूण आली म्हणजे दोन्ही संघ राजी होतील असं मुळीच नाही. उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू १५ डिसेंबरपर्यंत आणि काही १५ जानेवारीपर्यंत ट्रेड करता येत नाहीत, तेही तपासून घ्या. डिसेंबरच्या मध्यानंतरच अफवांना ऊत का येतो, त्याचं कारण हेच.

पिक, स्वॅप, प्रोटेक्शन ही काय भानगड आहे?

पिक म्हणजे भविष्यातल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवड करण्याचा हक्क. संघ पुढच्या सात ड्राफ्टपर्यंतचे हक्क देऊ शकतो. स्वॅप म्हणजे दोघांपैकी ज्याचा क्रमांक चांगला तो मी घेणार, असा करार. प्रोटेक्शन म्हणजे क्रमांक फार वर आला तर तो मूळ मालकाकडेच राहील, अशी अट.

सलग दोन वर्षं पहिल्या फेरीच्या पिकाविना राहण्याची पाळी येईल असा व्यवहार करता येत नाही. याला स्टेपिएन नियम म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपिएन यांनी संघाची पिक इतकी उधळली की लीगला हा नियम करावा लागला. एखाद्या आराखड्यात कोणी ओळीने पाच वर्षांची पिक देत असेल, तर तो आराखडा तिथेच बाद. म्हणूनच खऱ्या व्यवहारांत एक वर्षाआड पिक आणि मधल्या वर्षांचे स्वॅप दिसतात.

आता माझं मत. चाहते पिकांना चिल्लर समजतात, आणि तिथेच त्यांची गफलत होते. २०१३ मध्ये ब्रुकलिनने केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स या उताराला लागलेल्या दोघांसाठी बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ ची पिक आणि २०१७ चा स्वॅप दिला, सगळं कोणत्याही प्रोटेक्शनविना. ब्रुकलिनची घसरगुंडी झाली आणि त्यातून बॉस्टनला २०१६ मध्ये जेलन ब्राउन आणि २०१७ मध्ये जेसन टेटम मिळाले. २०२४ चं विजेतेपद त्या दोघांच्या जोरावर आलं. २०१९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीची पाच पिक आणि दोन स्वॅप दिले. त्यातल्या एका पिकावर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये ओक्लाहोमाने विजेतेपद जिंकलं तेव्हा शे आणि जेलन हेच त्यांचे दोन आघाडीचे खेळाडू होते. दूरच्या वर्षाचं, प्रोटेक्शन नसलेलं पिक म्हणजे समोरच्या संघाच्या ऱ्हासावर लावलेली पैज असते. आज तिशी ओलांडलेल्या ताऱ्यांवर उभा असलेला संघ सहा वर्षांनी कुठे असेल, हा हिशेब त्यात दडलेला असतो.

आम्ही रचलेले ट्रेड प्रत्यक्षात का होत नाहीत?

कारण बहुतेकदा आपल्याला आवळा देऊन कोहळा काढायचा असतो. आपल्या बाकावरचे दोन खेळाडू, आठ मिनिटं खेळणारा एक होतकरू पोरगा आणि दुसऱ्या फेरीची दोन पिक, बदल्यात समोरच्याचा ऑल-स्टार. आपल्या संघातला प्रत्येक तरुण आपल्याला भावी तारा वाटतो, कारण त्याचे चांगले सामने आपण मन लावून पाहिलेले असतात. समोरच्या संघाचा चाहताही नेमकं तेच करत असतो.

एक उपाय मी सगळ्यांना सुचवतो. ट्रेड रचला की समोरच्या संघाच्या चाहत्याच्या भूमिकेतून तो वाचा. तुम्ही त्या शहरात राहता, तिकिटं काढता, मुलाला त्या खेळाडूची जर्सी घेऊन दिली आहे. सकाळी उठून हा व्यवहार वाचला तर तुम्हाला काय वाटेल? संताप येणार असेल, तर तो संघ असा व्यवहार करायची शक्यता फार कमी. अपवाद घडतात, त्यांच्याकडे पुढे लुका डोन्चिचच्या प्रश्नात येतोच.

आणखी एक गोष्ट चाहते विसरतात: एकाच्या बदल्यात तीन खेळाडू घेतले तर संघात जागा लागतात. नेहमीच्या करारांवर पंधराच खेळाडू ठेवता येतात, तेव्हा तिघे आत आले की दोघांना बाहेर काढावं लागतं, आणि त्यांचे पगार तरीही मोजावे लागतात.

‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असं आलं की विश्वास ठेवायचा का?

कोणी सांगितलं आणि काय सांगितलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

झालेल्या ट्रेडची बातमी देण्यात ईएसपीएनचा शॅम्स चरानिया आज सगळ्यांच्या पुढे आहे. त्याच्या आधी त्या जागी एड्रियन वोज्नारोव्स्की होता. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने पत्रकारिता सोडली आणि सेंट बोनाव्हेंचर विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा जनरल मॅनेजर झाला. मार्क स्टाइनसारखे जुने जाणते पत्रकारही आहेत. ही मंडळी ‘ट्रेड झाला’ म्हणाली की झालाच समजा.

पण ‘रस आहे’, ‘चौकशी केली’, ‘चर्चेवर लक्ष ठेवून आहे’ ही वाक्यं आली की थांबा आणि विचार करा: ही माहिती बाहेर आल्याने कोणाचा फायदा होतो? संघाला भाव वाढवायचा असेल तर तो ‘चार संघ मागणी करत आहेत’ असं पसरवतो. एजंटला आपल्या खेळाडूसाठी हवं ते शहर मिळवायचं असेल तर तो ‘दुसरीकडे गेला तर पुढचा करार करणार नाही’ असं सोडून देतो. तिसऱ्या संघाला प्रतिस्पर्ध्याचा सौदा बिघडवायचा असतो. पत्रकार खोटं लिहीत नसतो. त्याला जे सांगितलं गेलं ते तो लिहितो. सांगणाऱ्याचा हेतू ओळखणं आपल्यावर असतं.

जाहीर नकाराचंही तेच. २६ डिसेंबर २०२४ ला मायामीचे अध्यक्ष पॅट रायली यांनी निवेदन काढून सांगितलं की आम्ही जिमी बटलरला ट्रेड करणार नाही. त्यानंतर जानेवारीत संघाने त्याला तीनदा निलंबित केलं आणि ५ फेब्रुवारीला तो गेला. ते निवेदन मला वाटाघाटीतली एक चाल वाटते: आम्हाला घाई नाही, पडेल भावात आम्ही विकणार नाही. एवढा अर्थ काढला तर ते वाचण्यासारखं होतं.

नकली खात्यांचा सुळसुळाट डेडलाइनच्या आठवड्यात कळस गाठतो. नावातलं एखादं अक्षर बदलून, तोच फोटो लावून पुड्या सोडल्या जातात. स्क्रीनशॉट कधीच पुढे पाठवू नका. मूळ पोस्ट उघडून बघा.

लुका डोन्चिचच्या ट्रेडचा कोणालाच सुगावा कसा लागला नाही?

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. भारतात सकाळचे पावणेअकरा वाजत आले होते. शॅम्सची पोस्ट आली: लुका लेकर्सकडे, अँथनी डेव्हिस डॅलसकडे. पहिली दहा-पंधरा मिनिटं जगभर एकच प्रतिक्रिया होती, शॅम्सचं खातं हॅक झालंय. शेवटी त्याला पुन्हा लिहावं लागलं की हे खरं आहे.

लुका तेव्हा २५ वर्षांचा होता. सलग पाच वर्षं ऑल-एनबीएच्या पहिल्या संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत, निवडला गेला होता आणि आठच महिन्यांपूर्वी त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेलं होतं. असा खेळाडू त्याने स्वतः मागणी केल्याशिवाय ट्रेड होत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज. म्हणूनच कोणाच्याही यादीत, कोणाच्याही आराखड्यात तो नव्हता.

सुगावा न लागण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. डॅलसचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी लिलाव मांडलाच नाही. त्यांनी एकाच माणसाशी, लेकर्सच्या रॉब पेलिंकाशी बोलणी केली. माहिती फुटते ती जास्त लोकांना माहीत असते तेव्हा, आणि कोणाला तरी ती फोडून फायदा असतो तेव्हा. इथे एजंटला माहीत नव्हतं, खेळाडूंना माहीत नव्हतं. पगारही आपसूक जुळणारे: लुका आणि डेव्हिस दोघांचेही सुमारे ४.३ कोटी डॉलर. लेकर्सकडून मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चं पहिल्या फेरीचं एक पिक गेलं. लुकाबरोबर मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिस आले. हिशेब बसवायला युटा तिसरा संघ म्हणून आला. डेव्हिसने ट्रेड झाल्यावर मिळणारा जादा हप्ताही सोडून दिला.

पण गुप्ततेची किंमत डॅलसने मोजली असं माझं स्पष्ट मत आहे. लिलाव मांडला असता, तर याहून कितीतरी जास्त मिळालं असतं. एका पहिल्या फेरीच्या पिकावर लुका जातो, हे कोणत्याही गणितात बसत नाही. संघाचा मैदानावरचा बचाव भक्कम करायचा होता, असा मुद्दा हॅरिसन यांनी पुढे केला. लुकाच्या तंदुरुस्तीबद्दल संघाला शंका असल्याचंही छापून आलं. डॅलसच्या चाहत्यांनी अरेनाबाहेर संघाचा महान खेळाडू डर्क नोविट्स्कीच्या पुतळ्यापाशी शवपेटी आणून ठेवली. ‘फायर निको’च्या (निकोला काढून टाका) घोषणा महिनोन्महिने चालल्या. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी झाला. ९ एप्रिलला लुका पाहुणा म्हणून डॅलसला आला, त्याच्यासाठी बनवलेली चित्रफीत पाहताना बाकावर बसून रडला, आणि मग ४५ गुण करून सामना जिंकून गेला. मे महिन्यात डॅलसला फक्त १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टच्या पहिल्या क्रमांकाची लॉटरी लागली आणि कूपर फ्लॅग मिळाला. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसन यांची नोकरी गेली.

लुकाचं पैशांतही नुकसान झालं. डॅलसमध्ये राहिला असता तर त्याला पाच वर्षांच्या सुपरमॅक्स करारात (स्वतःच्या संघाकडूनच मिळू शकणाऱ्या सर्वात मोठ्या करारात) सुमारे ३४.५ कोटी डॉलर मिळू शकत होते. ट्रेड झाल्यामुळे तो हक्कच गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने लेकर्सशी तीन वर्षांचा १६.५ कोटींचा करार केला.

म्हणजे आता कोणीही ट्रेड होऊ शकतो, असं समजायचं का?

नाही. एका लुकामुळे प्रत्येक अशक्य अफवा शक्य होत नाही. उलट, सगळे बोलत होते ते त्याच आठवड्यातले बाकीचे ट्रेड अपेक्षेप्रमाणेच झाले: डिआरन फॉक्स सॅन अँटोनिओला गेला, आणि तो तिकडेच जाऊ इच्छितो हे आधीच बाहेर आलं होतं.

खेळाडू नकार देऊ शकतो का?

सर्वसाधारणपणे नाही. लेखी हक्क मिळवायला लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्याच संघात चार वर्षं झालेली असावी लागतात, आणि संघाने तो द्यायला हवा. बीलकडे तो होता. लेब्रॉन जेम्सने २०२४ च्या करारात तो घेतला. बाकीच्यांकडे उरतो तो दबाव: पुढचा करार करणार नाही असं सुचवणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोल्डन स्टेटने ड्युरंटची चौकशी केली, तेव्हा त्याला तिथे परत जायचं नाही एवढं कळणं पुरेसं ठरलं. ट्रेडची मागणी मात्र उघडपणे करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये डेव्हिसच्या एजंटने ती जाहीरपणे केली, तर लीगने डेव्हिसला ५० हजार डॉलर दंड ठोठावला.

बातमी आली म्हणजे ट्रेड पक्का ना?

बातमीनंतर लीगची मंजुरी आणि वैद्यकीय तपासणी बाकी असते. लुका मिळाल्यावर लेकर्सना उंच सेंटर हवा होता. डेडलाइनच्या आदल्या रात्री त्यांनी शार्लटच्या मार्क विल्यम्ससाठी डाल्टन नेक्ट, कॅम रेडिश, २०३१ चं पिक आणि एक स्वॅप द्यायचं ठरवलं. डेडलाइननंतर दोन दिवसांनी विल्यम्सच्या तपासणीवर लेकर्सनी बोट ठेवलं आणि ट्रेड रद्द झाला. डेडलाइन उलटून गेलेली, त्यामुळे दुसरा सेंटर आणायची वाट बंद. आणि नेक्टला निरोप घेऊन झाल्यावर पुन्हा त्याच ड्रेसिंग रूममध्ये यावं लागलं. तपासणीचा निकाल लागेपर्यंत नवी जर्सी मागवू नये, हे उत्तम.

डेडलाइनच्या ट्रेडने कधी विजेतेपद मिळालंय का?

मिळालंय, पण बहुतेक वेळा गाजावाजा न झालेल्या ट्रेडने.

मोठ्या नावाचं उदाहरण म्हणजे १९९५. १४ फेब्रुवारीला ह्यूस्टनने ओटिस थॉर्प देऊन क्लाइड ड्रेक्सलरला आणलं आणि सहाव्या मानांकनावरून विजेतेपद जिंकलं. इतक्या खालच्या मानांकनाच्या संघाने विजेतेपद जिंकल्याचं दुसरं उदाहरण नाही. २००४ मध्ये रशीद वॉलेसचा प्रवास तर विलक्षणच: पोर्टलंडहून अटलांटाला गेला, तिथे एकच सामना खेळला, आणि १९ फेब्रुवारीला डेट्रॉइटला. जूनमध्ये डेट्रॉइटने लेकर्सना ४-१ असं हरवलं. पाउ गसोल १ फेब्रुवारी २००८ ला लेकर्सकडे आला. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत हार, मग २००९ आणि २०१० ची विजेतेपदं. त्याच व्यवहारात मेम्फिसला त्याच्या धाकट्या भावाचे, मार्कचे हक्क मिळाले. लोक तेव्हा मेम्फिसवर तुटून पडले होते. मार्क २०१३ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये टोरंटोला जाऊन त्याच मोसमात विजेता झाला.

आता शांत ट्रेड बघा. मार्च २०२१ मध्ये डेन्व्हरने ऑर्लँडोकडून एरन गॉर्डनला घेतलं (कोविडमुळे त्या वर्षी डेडलाइन मार्चमध्ये होती). फेब्रुवारी २०२२ मध्ये बॉस्टनने सॅन अँटोनिओकडून डेरिक व्हाइटला घेतलं. दोघेही ऑल-स्टार नव्हते आणि त्या दिवसांच्या मथळ्यांत इतरच नावं होती; २०२२ मध्ये तर सगळ्यांचं लक्ष जेम्स हार्डन आणि बेन सिमन्स यांच्या अदलाबदलीवर होतं. गॉर्डन २०२३ मध्ये विजेता झाला, व्हाइट २०२४ मध्ये. हार्डन आणि सिमन्स यांच्या ट्रेडने दोन्हीपैकी कोणत्याच संघाला अंतिम फेरीही दाखवली नाही.

गॉर्डन आणि व्हाइट यांच्यात साम्य आहे. दोघांचे करार डेडलाइननंतरही पुढे चालू राहणारे होते, दोघेही बचावात कुठेही उभे राहू शकत होते, आणि कोणाकडूनही चेंडू हिरावून न घेता संघात मिसळणारे होते. तुमच्या संघासाठी अटकळ बांधायचीच असेल तर असे खेळाडू शोधा. तो शोध मला ताऱ्यांच्या चर्चेपेक्षा जास्त आनंद देतो.

मुंबईत २०१९ साली खेळलेल्या संघांचं आणि ट्रेडचं काही नातं आहे का?

आहे, आणि घट्ट आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिला सामना इंडियानाने ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला, दुसराही त्यांनीच.

त्या कोर्टवर इंडियानाकडून डोमांटस सबोनिस होता, किंग्जकडून बडी हील्ड. ८ फेब्रुवारी २०२२ ला याच दोन संघांत ट्रेड झाला: सबोनिस, जेरमी लँब आणि जस्टिन हॉलिडे सॅक्रामेंटोला, हील्ड, ट्रिस्टन थॉम्प्सन आणि तरुण टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला. हॅलिबर्टनला दिलं म्हणून किंग्जवर टीकेची झोड उठली. पण पुढच्याच मोसमात सबोनिस आणि फॉक्स यांनी किंग्जचा १६ मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. हॅलिबर्टनने २०२५ मध्ये इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं, आणि त्या सामन्यात त्याचा अकिलीस स्नायुबंध तुटला. फॉक्सही आता सॅक्रामेंटोत नाही. आज निकाल लावायचा तर पारडं इंडियानाकडे झुकतं. २०२३ च्या वसंतात मात्र दोघेही जिंकले असंच म्हणावं लागलं असतं.

मुंबईत खेळलेला इंडियानाचा माइल्स टर्नरही ध्यानात ठेवा. कित्येक वर्षं प्रत्येक डेडलाइनला त्याचं नाव अफवांत पहिल्या पाचात असायचं. दहा मोसम तो इंडियानातच राहिला, आणि शेवटी गेला तो ट्रेडने नव्हे. २०२५ च्या उन्हाळ्यात करार संपल्यावर मोकळा होऊन मिलवॉकीला.

खेळाडूंना या चर्चेचा त्रास होतो का?

होतो, आणि चाहत्यांनी हा प्रश्न सगळ्यात गंभीरपणे घ्यावा असं मला वाटतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये डेव्हिससाठी लेकर्स आपले जवळजवळ सगळे तरुण खेळाडू द्यायला तयार असल्याच्या बातम्या रोज येत होत्या. ५ फेब्रुवारीला लेकर्स इंडियानात खेळत होते. ब्रँडन इंग्रम फ्री थ्रोच्या रेषेवर उभा असताना प्रेक्षक एका सुरात ओरडत होते की लेब्रॉन तुला विकणार आहे. लेकर्स तो सामना ४२ गुणांनी हरले. डेव्हिस त्या डेडलाइनला आलाच नाही.

दुसऱ्याच दिवशी हॅरिसन बार्न्स डॅलसकडून शार्लटविरुद्ध खेळत होता. तिसऱ्या सत्रात त्याला बाकावर बसवलं, आणि सामना चालू असतानाच तो सॅक्रामेंटोला ट्रेड झाला. तो उठून आत गेला नाही. गणवेशातच बसून राहिला आणि आता माजी झालेल्या सहकाऱ्यांसाठी सामना संपेपर्यंत टाळ्या वाजवत होता. आठ महिन्यांनी तो किंग्जबरोबर वरळीत खेळायला आला.

ट्रेड झालेल्या खेळाडूला सामान आवरायला एक-दोन दिवस मिळतात. मुलांची शाळा, घर, बायकोची नोकरी सगळं मागे राहतं. २०२५ मध्ये ख्रिस मिडल्टनला मिलवॉकीने बारा मोसमांनंतर वॉशिंग्टनला पाठवलं. पगार कोट्यवधींचा असतो, हे खरंच आहे. तरीही ट्रेडच्या आराखड्यावर वाद घालणं वेगळं आणि खेळाडूच्या किंवा त्याच्या पत्नीच्या खात्यावर जाऊन ‘कधी जातोस’ लिहिणं वेगळं. पहिलं जरूर करा. दुसरं कोणी करताना दिसला तर गटातच थांबवा.

संघाने काहीच केलं नाही तर?

पुष्कळदा तेच योग्य असतं. उलट उदाहरण बघा: ओक्लाहोमाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गॉर्डन हेवर्डला आणलं. प्लेऑफमध्ये त्याचा जेमतेम उपयोग झाला. जमलेल्या संघाला हात न लावणं हाही एक निर्णयच आहे.

दीड वाजून गेला. आता मोसम संपेपर्यंत बदल नाही का?

ट्रेड बंद, पण बायआउटचा बाजार सुरू. नको असलेला खेळाडू आणि त्याचा संघ काही रक्कम सोडून करार संपवतात आणि तो दुसरीकडे जातो. प्लेऑफमध्ये खेळायचं असेल तर त्याला १ मार्चपर्यंत मोकळं केलेलं असावं लागतं. इथेही अॅप्रन आडवा येतो: पहिला अॅप्रन ओलांडलेल्या संघाला असा खेळाडू घेता येत नाही ज्याचा मूळ पगार मिड-लेव्हल रकमेपेक्षा (मर्यादा ओलांडूनही खेळाडू घेण्यासाठी लीगने ठरवलेल्या रकमेपेक्षा) जास्त होता, २०२५-२६ मध्ये ही रक्कम सुमारे १.४१ कोटी डॉलर आहे. ज्या संघाने खेळाडूला ट्रेड करून पाठवलं, त्याच संघाला तो सुटल्यावर लगेच परत घेता येत नाही. तेव्हा ‘पाठवा, तो सुटेल, मग परत आणू’ हा दरवर्षी निघणारा आराखडा याही वर्षी चालणार नाही.